जपान फलटणला आणताना

"मॅडम, बाळगोंडा सर गेले," असा सांगलीहून त्यांच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा मी लोणंदच्या बाजारात कांदे निवडत होते. कांदे तिथंच टाकून घरी आले. त्याला आता महिना झाला...

फलटणजवळच्या आमच्या हायस्कूलचे ते मुख्याध्यापक. मी मराठी शिकवायची. कोणत्या देशातली शाळा पोरांना माणूस कशी करते, हा त्यांचा ध्यास. चहा पितानासुद्धा जपान, नाहीतर फिनलंड! "तिकडं पोरं आपला वर्ग आपण झाडतात, मुलगेसुद्धा सुईदोरा धरतात. आणि आपण? फळ्यावर सुविचार लिहितो, मूल्यशिक्षणाच्या वह्या तपासतो, झालं!" मी चिडवायची, "सर, पासपोर्ट तरी काढा आधी."

एका जूनमध्ये त्यांनी ठरवलंच. वर्ग मुलांनी झाडायचे, संडासही मुलांनीच धुवायचे. कुणाची बारी कधी, हे मात्र वर्गशिक्षकांवर सोडलं आणि तिथंच घोटाळा झाला. काहींनी सरपंचांची, संचालकांची पोरं अलगद वगळली. आठवीतल्या सुनीताच्या हाती मात्र दर शनिवारी संडासाचा खराटा. तिचे वडील शाळेत आले. आवाज न चढवता म्हणाले, "आवं सर, माज्या आज्यानं ह्येच केलं, बानं ह्येच केलं. पोरगी शिकायला धाडली, तर हितंबी खराटाच? दाखला द्या तिचा."

सरांचा चेहरा पार उतरला. "मी देश बघत बसलो, गाव बघायचं राहिलं," एवढंच बोलले. सोमवारी खराटा घेऊन पहिले स्वतः उभे राहिले, मग आम्ही शिक्षक, मग संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. अध्यक्ष भडकले, "माझा नातू संडास धुणार?" सर म्हणाले, "व्हय. न्हाईतर मला काढा." लय हट्टी माणूस! सुनीताचे वडील रोज फाटकाशी येऊन बघून जायचे. नातवाच्या हातात बादली दिसली, त्या दिवशी त्यांनी पोरीला परत वर्गात सोडलं.

परवा शाळेत शोकसभा झाली. भाषणं झाली, चहा झाला. पोरं आपापले कागदी कप घेऊन रांगेनं बाहेर गेली. आम्हा मोठ्यांचे तसेच बाकांवर. अध्यक्षांनी सवयीनं शिपायाला हाक मारायला तोंड उघडलं... आणि मिटलं. गुडघ्यावर हात टेकत उठले, आपला कप उचलला आणि शेजारी बसलेल्या सुनीताच्या वडिलांचाही.

"आवं सायेब, ऱ्हाऊ द्या की," ते गडबडीनं उठले.

"बसा हो. आज माझी बारी हाय."

तोवर मी रडले नव्हते.