बेटावरच्या टाकीचं कुलूप

हवामानाच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. अंदाज बरोबर आला तर कुणी फोन करत नाही; चुकला की अख्खा तालुका करतो. आणि प्रत्येक फोन म्हणजे एक किस्सा!

*

आमचं ऑफिस गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर. वरच्या काकू उन्हाळाभर विचारतात, "कुरडया घालू का गं आज गच्चीवर?"

मी म्हटलं, "काकू, आम्ही तीन-तीन महिन्यांचा अंदाज काढतो. आजच्या दुपारचा नाही."

"अगंबाई! म्हणजे गहू तीन महिने भिजत घालू?"

*

पेठकडे धरणाच्या पाण्यात एक टेकडी बेटासारखी उरलीय. तिच्यावर एक पाडा. चहूकडे पाणी, पण उन्हाळ्यात ते गढूळ, हिरवं. प्यायला पावसाळ्यात भरून ठेवलेली टाकी, तेवढीच. टँकर काय पोहत जाणार?

यंदा पाऊस उशिरा येईल असं दिसलं, म्हणून आमचे साहेब होडीतून सांगायला गेले. मीही होते. साहेब म्हणाले, "पाऊस लांबण्याची शक्यता साठ टक्के आहे."

मग एक म्हातारबाबा बोलले, "आमच्या नातीला साठ टक्के पडले तवा मास्तर फस्क्लास बोलले. म्हंजी दुष्काळ फस्क्लास पास, असंच ना?"

साहेबांना हे इतकं आवडलं, की तेव्हापासून आमच्याकडे दुष्काळ डिस्टिंक्शन काढतो आणि एखाद्या जूनला केटी लागते!

*

पाड्यानं होळीलाच टाकीला कुलूप लावलं. घरटी रोज दोन हंडे. किल्ली पाड्यातल्या ठकूमावशीच्या कमरेला.

आता झोप उडाली ती आमची. पाऊस लांबला आणि टाकी आधीच आटली, तर बायकापोरांचे हाल. आणि वेळेवर आला तर? एवढं सोसलं ते फुकट. परत कोण ऐकणार आमचं!

मे महिन्यात एक काळा ढग दिसला, तर साहेब खिडकीत हात जोडून उभे! "जा रे बाबा, आत्ता नको!" तेवढ्यात साहेबांच्या घरून वहिनींचा फोन. हे ऐकून म्हणाल्या, "पाऊस पडू नये म्हणून देव पाण्यात घालणारा हवामानवाला मी आजच पाहिला!"

*

साहेब टाकी बघायला गेले. ऊन मरणाचं. म्हणाले, "मावशी, घोटभर पाणी द्या."

"पानी नाय मिळायचं. बकरीचं दूध घ्या, लागंल तेवढं."

"अहो, एक तांब्या!"

"कुलूप तुमच्याच सांगण्यावरून लावलं ना? मंग प्या दूध!"

साहेब दोन पेले प्याले. बिचारे!

*

हा मात्र सगळ्यांत भारी. मावशीच्या थोरल्या लेकीचं लग्न, ऐन मे अखेर. मुलगा वणीकडचा. एवढं वऱ्हाड आलं तर टाकीचा फडशाच! मी घाईघाईनं फोन केला, "मावशी, लग्न पुढं ढकलता का?"

"कशापायी? तुमी या."

पत्रिका आली. खाली छापलेलं: "कृपया आहेर आणू नये. प्रत्येकाने एक हंडा पिण्याचे पाणी आणावे."

आणि आणलं हो लोकांनी! होड्या भरभरून. वणीकरांनी काठापर्यंत पिकअपमधून ड्रम आणले. व्याही स्वतः डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढले, मागे वाजंत्री. आमच्या साहेबांच्या खांद्यावर पाण्याचा जार. पंगती उठल्या, पाहुणे गेले, तरी टाकी लग्नाआधीपेक्षा वर! मला तर रडूच आलं.

निम्मा जून गेला, आभाळ कोरडंच. ऑफिसात मावशीचा फोन वाजला. मी घाबरतच उचलला.

"म्याडम, पाऊस अजून लांब असंल तर आत्ताच सांगा. धाकटीचं बी उरकून घेते!"