दसऱ्याचा नारळ आणि लाल दिवा

मंडळी, आमची म्हातारी गाडी आज भंगारात जाता जाता वाचली!

हेडलाइट लावली की डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पेटायचा, मग बाकीचेही. नवी बॅटरी घातली, तरी तेच. मी वैतागून म्हटलं, भंगारात विकूया.

आज सकाळी तुये गावाला कामावर निघण्याआधी बॉनेट उघडून एकेक वायर हलवून पाहिली. अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडलेली, तिथे हिरवट गंज. दर दसऱ्याला बाबा नारळाचं पाणी नेमकं तिथेच शिंपडतात!

गंज घासला, वायर घट्ट आवळली. हेडलाइट लावली, तरी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझलेलेच.

गंज दाखवल्यावर बाबा ओशाळले. "औंदा नारळ चाकाफुडे फोडतलंय. फूल मात्र इंजिनाकच!"

विकायचं नाव मी परत काढलेलं नाही. तुमच्याकडे इतकी माया लावून गाडी बिघडवणारं कोण आहे?