सासऱ्यांच्या खोलीतला पॉइंट

या ग्रुपवर मी बरेच दिवस आहे, पण फक्त वाचायला. आणि खरं सांगू? हसायला. कुणाला झाडाखाली पांढरी साडी दिसते, कुणाच्या घरात पैंजण वाजतात... मेल्यावरही बायकांना नटूनथटून फिरायला लावणाऱ्यांचं मला कौतुक वाटायचं. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे. सर्किट बोर्ड तपासणं हे माझं रोजचं काम. जे मीटरवर दिसत नाही ते नसतं, असं मी मानत आले. अडचण अशी झाली की हे मीटरवर दिसलं.

आम्ही वाघोलीत राहतो, नगर रस्त्यापासून बरंच आत, पाचव्या मजल्यावर. टू बीएचके. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये सोसायटीला जनरेटर होता. तो अजूनही ब्रोशरमध्येच आहे. दर थोड्या दिवसांनी गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे पुण्यातल्या लोकांना सांगायला नको. बाकीच्यांनी समजून घ्यावं.

घरात मी, नवरा निखिल आणि सासूबाई. सासरे हे सगळं घडलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेले होते. मूळचे अकोल्याकडचे, नोकरी इथल्या एका कारखान्यात, पण घरात दोघांची बोली शेवटपर्यंत तिकडचीच. सासऱ्यांबद्दल चांगलं लिहायचं खूप मनात आहे, पण आठवत नाही. दोन बेडरूमपैकी एक त्यांची एकट्याची. सासूबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या. उशाशी एक बेल असायची, ती वाजली की त्यांनी हातातलं टाकून जायचं. जेवायला आधी त्यांचं ताट, मग निखिलचं, मग आमचं. भाजी उरली नाही तर सासूबाई चटणीशी खायच्या आणि म्हणायच्या, मला आवडतच नाही ती भाजी.

विड्या ओढून ओढून सासऱ्यांची फुप्फुसं गेली, तेव्हा निखिलने ऑक्सिजनचं मशीन आणलं. गुडघ्याएवढ्या उंचीचं, विजेवर चालणारं, हवेतला ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडणारं. घुर्र... फुस्स, घुर्र... फुस्स, दिवसभर. पुढे सासूबाईंनाही दम लागायला लागला. लहानपणापासून चुलीपुढे बसलेल्या, वरून घरात विड्यांचा धूर. एकदा पाण्याची बादली उचलली आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्याच राहिल्या. ओठ निळे. सासरे टीव्ही बघत होते. मशीन चालू, पण नळी नाकात नव्हती, कानाला अडकवलेली होती.

मी म्हटलं, "बाबा, जरा वेळ आईंना द्या."

त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. म्हणाले, "माहं हाय ते. डॉक्टरनं मले लिहून देलं."

"अहो, त्यांना श्वास घेता येत नाहीये."

"माह्या वस्तूले हात नाही लावाचा."

आणि चौकटीला धरलेल्या सासूबाईच मला म्हणाल्या, "राहू दे ना वं मेघा. मले काही होत नाही." मला त्या क्षणी सासऱ्यांचा जेवढा राग आला तेवढाच त्यांचाही आला. तो माझा अजून गेलेला नाही.

सासरे गेले आणि वर्षाच्या आत तेच मशीन सासूबाईंना लागलं. हॉलमध्ये दिवाणाशेजारी ठेवलं. मी लांब नळी आणली, म्हणजे त्यांना स्वयंपाकघरापर्यंत हिंडता-फिरता येईल. सासऱ्यांची बेलही त्यांच्या उशाशी ठेवली. ती त्यांनी एकदाही वाजवली नाही. आता लाइट गेली तर मशीन बंद पडणार, म्हणून मी इन्व्हर्टर घ्यायचं ठरवलं. शिवाय लाइट जाते तेव्हा वायफाय जातं आणि माझी मीटिंग लटकते, हेही होतंच. अगदीच गरज पडली तर म्हणून ऑक्सिजनचा एक छोटा सिलेंडर दिवाणामागे उभा करून ठेवला.

इन्व्हर्टरवर सगळं घर घेत नाहीत, ठरावीक पॉइंट घेतात. बॅटरी ट्रॉलीवर चढवून झाल्यावर इलेक्ट्रिशियनने विचारलं, "बोला, काय काय घ्यायचं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आधी त्यायच्या फोटोचा घ्या."

सासऱ्यांच्या खोलीत त्यांचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला, आणि त्याच्यावर लाल रंगाचा झिरोचा बल्ब, जुना तारेचा. सासूबाई रोज सकाळी पहिला चहा तिथे ठेवायच्या, दुपारी पहिली पोळी. त्यांच्या हिशोबात ती खोली रिकामी नव्हती. मला वाटलं, बल्बच तर आहे, किती खाणार? मी हो म्हटलं. मग मशीन, हॉलमधला आणि आमच्या खोलीतला पंखा, वायफाय आणि माझं टेबल घेतलं.

पुढच्याच गुरुवारी सकाळी लाइट गेली. इन्व्हर्टर चालू झाला, मशीन सुरळीत, मी स्वतःवर खूश. थोड्याच वेळात इन्व्हर्टर ओव्हरलोडची शिट्टी मारायला लागला आणि सगळं बंद पडलं. मी धावत सिलेंडरची नळी सासूबाईंना लावली आणि मग इन्व्हर्टर परत चालू करून डिस्प्ले बघितला. त्यावर लोडच्या कांड्या चढतात. मशीनला दोन कांड्या, बाकीचं सगळं मिळून एक, असा माझा अंदाज होता. पाच दिसत होत्या. मी मशीनचा प्लग काढला, पंखे बंद केले, वायफाय काढलं. तरी दोन कांड्या उरल्याच.

वायरला नुसता चिमटा लावला की करंट दाखवणारं मीटर माझ्याकडे आहे. एकेक वायर तपासली. करंट जात होता तो सासऱ्यांच्या खोलीकडे. बरोबर एका मशीनएवढा. त्या वायरवर झिरोच्या बल्बशिवाय काहीही नव्हतं. एवढा करंट त्या बल्बमधून गेला असता तर तो फुटला असता. तो शांतपणे जळत होता. मी मीटर बदललं, इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने इन्व्हर्टरही बदलून आणला. मेन स्विच पाडून पुन्हा बघितलं. दोन कांड्या जास्तच.

हे मी सासूबाईंना गंमत म्हणून सांगायला गेले. त्या हसल्या नाहीत. इतक्या सहज बोलल्या, जसं काही शेजारच्या खोलीत कोण झोपलंय ते सांगतायत.

"त्यायचं चालू असन. दोघायले नाही पुरत वं ते."

मी तिरमिरले. इलेक्ट्रिशियनला सांगितलं, त्या खोलीची वायर कापून टाक. त्याने इन्व्हर्टरची लाइन तर कापलीच, खोलीत येणारी मूळ लाइनही कापली आणि टोकांना टेप गुंडाळला. सासूबाई मागे उभ्या राहून पदराशी चाळा करत होत्या.

"काहून राग वाढवतं त्यायचा? माह्यावर काढतीन ते," त्या म्हणाल्या.

इलेक्ट्रिशियन असतानाच मी परत मेन स्विच पाडला. पंखा चालू राहिला, वायफाय चालू राहिलं. मशीन थोडं चाललं, मग एक लांब श्वास सोडल्यासारखा आवाज करून बंद पडलं. आम्ही सासऱ्यांच्या खोलीत गेलो. पडदे ओढलेले होते, आणि कापलेल्या वायरवर तो लाल बल्ब जळत होता. इलेक्ट्रिशियनने हत्यारं गोळा केली आणि "नंतर बघतो" म्हणून गेला. तो अजून नंतरच बघतोय.

निखिलला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, शेजारच्या वायरमुळे असा बल्ब लागू शकतो. एलईडी बल्ब लुकलुकतो तसा, हे मलाही माहीत आहे. तारेचा बल्ब लागत नाही. तसं सांगितलं तर म्हणाला, "मग तूच इंजिनिअर आहेस, तूच शोध." पुणेरी मी आहे, पण कुजकट बोलायला तो चांगला शिकलाय.

दुसऱ्या दिवशी मी त्या फोटोसमोर उभी राहिले आणि मोठ्याने बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "बाबा, जन्मभर तिच्या ताटातलं खाल्लंत. आता श्वास तरी तिच्यासाठी सोडा." मग फोटो काढून माळ्यावर टाकला. निखिलने घरी आल्या आल्या तो परत लावला. "माझ्या बापाचा फोटो माळ्यावर?" एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला. सासूबाईंनी त्याला वाढलं. नळी त्यांच्यामागे फरशीवर सरपटत होती.

मग मी वाद सोडला आणि सोपा उपाय केला. लाइट गेली की मशीनच्या नादाला लागायचंच नाही, सरळ सिलेंडर लावायचा. सिलेंडरची चावी सासूबाईंच्या हाताने फिरायची नाही, म्हणून गुरुवारी मी घरूनच काम करायचे, हॉलमध्ये बसून. असे बरेच गुरुवार निभावले.

तो दिवस गुरुवार नव्हता. मी घरीच होते, पण माझ्या खोलीत, हेडफोन लावून मीटिंगमध्ये. सकाळचे अकरा वाजून गेले असतील. कुठेतरी ट्रान्सफॉर्मर गेला, हे नंतर कळलं. मला काहीच कळलं नाही, कारण काहीच बंद पडलं नाही. पंखा फिरत होता, वायफाय चालू होतं, मीटिंगमधला माणूस बोलत होता. याचसाठी तर इन्व्हर्टर घेतात... लाइट गेलेली कळू नये म्हणून.

मीटिंग संपवून बाहेर आले. दिवाणावर सासूबाई नव्हत्या. फ्रिजचा दिवा बंद दिसला, म्हणजे लाइट गेलेली होती. पण मशीनचा आवाज येत होता. घुर्र... फुस्स. व्यवस्थित. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नळी दिवाणापासून निघून फरशीवरून सासऱ्यांच्या खोलीत गेली होती. मी तिच्या मागोमाग गेले.

सासूबाई फोटोखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, मान छातीवर. बाजूला स्टूल होतं. स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच्या नाकातली नळी काढून फोटोला घातली होती, चंदनाच्या हारावरून. नळीची दोन टोकं काचेवर बरोबर नाकाखाली टेकवलेली. तिथे काचेवर वाफ धरली होती. ती जायची आणि परत यायची. वर लाल बल्ब जळत होता.

लाइट गेलेली असताना ते मशीन इतका वेळ चाललेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"आई!" म्हणून मी त्यांना हलवलं. डोळे अर्धे उघडले. ओठ निळे, त्या बादलीच्या दिवसासारखे. काहीतरी पुटपुटत होत्या. मी कान जवळ नेला.

"त्यायले पुरू दे आधी."

मी नळी फोटोवरून ओढली आणि त्यांच्या नाकात घातली. मशीन बंद पडलं. त्याच क्षणी. इन्व्हर्टरवर शिट्टी नाही, काही नाही, हॉलमधला पंखा फिरतोय. का केलं ते मलाच माहीत नाही, पण मी ती नळी परत फोटोला लावली. घुर्र... फुस्स. मशीन सुरू. मी जन्मात कधी दिल्या नाहीत अशा शिव्या त्या फोटोला दिल्या. मग हॉलमधून सिलेंडर ओढत आणला, चावी फिरवली, त्यांना लावला. अॅम्ब्युलन्स आली, पण लिफ्ट बंद, म्हणून त्यांना खुर्चीत बसवून पाच मजले खाली उतरवावं लागलं. नगर रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये त्या गेल्या. हात माझ्या हातात होता. अगदी हलका.

डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी झाला की माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, नळी काढून टाकतो. बरोबर आहे, मीही वाचलंय. निखिलही तेच धरून बसलाय. तेराव्याला त्याने आईचा फोटो बाबांच्या शेजारी लावला. मी म्हटलं, तिला निदान आता तरी वेगळी खोली दे. त्याला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मी तिचा फोटो काढून हॉलमध्ये दिवाणावर लावला. तो अजून तिथे आहे.

मशीन मी एका संस्थेला देऊन टाकलं. तिथे ते नीट चालतं, मी दोनदा फोन करून विचारलं. वायर कापलेलीच आहे. बल्बही मी काढून फोडला.

इथे बरेच जाणकार आहेत. लिकेज, अर्थिंग, न्यूट्रल, मीटरमधला दोष... कृपया सुचवू नका, सगळं तपासून झालंय. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही आणि आता मी शोधतही नाही. पण गुरुवारी लाइट गेली की मी अजून त्या इन्व्हर्टरसमोर जाऊन उभी राहते. घरातलं सगळं बंद करते आणि डिस्प्ले बघते. दोन कांड्या चढलेल्या असतात. बाबांचं चालू असतं.

मी वाट बघते अजून दोन चढायची. हॉलमध्ये दिवाणाशेजारचा पॉइंट तसाच ठेवलाय, इन्व्हर्टरवर, फक्त आईंसाठी. तिथे मीटर लावून बसते, लाइट येईपर्यंत. सासूबाई काहीच घेत नाहीत.