आईची मोजणी

बाबा फौजेत, त्यामुळे आमचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. बावीस वर्षांत चौदा क्वार्टर. सामान बाबा यादी घेऊन मोजायचे आणि आई आम्हाला. गाडीत चढण्याआधी आम्हाला भिंतीशी उभं करून ती म्हणायची, "बोला." दादा म्हणायचा एक, मधली बहीण दोन, मी तीन. एका बदलीत शेजारणीचं पोर गडबडीत मागेच राहिलं होतं. तेव्हापासून क्वार्टरांच्या लाइनीतल्या साऱ्या बायकांनी ही सवय उचलली होती. बाबा चिडवायचे, "तू माझ्या हजेरी घेणाऱ्या सुभेदाराची नोकरी खाणार."

आई तशी खमकी. नव्या घरात तासाभरात चहा व्हायचा. खिडक्या उंच निघाल्या तर पडद्यांची शिवण उसवायची, बुटक्या निघाल्या की परत दुमडायची. रडताना तिला कुणी पाहिलं नाही.

पाचव्या क्वार्टरमध्ये मधली तापाने गेली. नऊ वर्षांची होती. पुढची बदली आली तेव्हा माझा नंबर बदलायचं कुणाला सुचलं नाही, आणि तिचा नंबर घ्यायची माझी छाती नव्हती. आई म्हणाली, "बोला." दादा म्हणाला, "एक." मी गप्प. मग हळूच, सर्दी झाल्यासारखा आवाज आला, "दोन." मी घाईघाईने तीन म्हटलं. आई गाडीत चढली. मला वाटलं, दादाने आईसाठी केलं. दादाला वाटलं, मी. पुढच्या आठही बदल्यांत हेच झालं. नसत्या चौकशा करायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

बाबा निवृत्त झाले. निरोपाला अख्खी लाइन लोटली आणि त्या गर्दीत मोजणी राहून गेली. आमच्या स्वतःच्या घरी पोचल्यावर आईला आठवलं. मी वीस वर्षांची घोडी, तरी अंगणात उभी राहिले.

"एक."

मग काहीच नाही.

"दादा, म्हण की," मी कुजबुजले.

"मी? तूच म्हणतेस ना?" दादा पांढराफटक पडला.

"तिला मागे सोडून आले मी," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही जुन्या क्वार्टरच्या दारात उभे होतो. आत नवं बिऱ्हाड आलेलं. आई आता काय सांगणार, याची मला धास्ती होती. पण त्या घरातली बाईच म्हणाली, "तुम्हीच इथे होतात ना? माझी दोनच पोरं आहेत हो. मोजायला गेले की मोठा एक म्हणतो, धाकटी दोन. आणि मग परत एकदा दोन ऐकू येतं."

तिच्यामागून धाकटी डोकावली. "तिला नाही यायचं. सारखं हलून कंटाळा आलाय तिला."

आई पायरीवर बसली. "आता आपलं घर आहे गं. तिथून कुणी उठवणार नाही," ती आतल्या खोलीला समजावत राहिली. शेवटी ती आम्हाला म्हणाली, "बोला."

दादा म्हणाला, "एक."

आम्ही थांबलो. आत नळ गळत होता. मला ते सहन होईना. आवाज बारीक करून, नाकातून मी म्हटलं, "दोन."

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही.

"मग तीन कोण म्हणणार?" तिने विचारलं.