वीज गेली, वेगमर्यादा पुसली, ओरडा हरप्रीतजींना

मंडळी, आज स्वतःचाच इतका राग आलाय की इथे लिहून मोकळा होतो.

चंदीगडच्या ज्या रुग्णालयात मी सर्व्हर सांभाळतो, तिथली ऑपरेशनं शेजारच्या इमारतीत विद्यार्थ्यांना थेट दाखवतात. त्याच सर्व्हरवरून एक्स-रेच्या प्रतीही जातात, त्यामुळे चित्र अडकायचं. म्हणून महिन्यापूर्वी मी नेटवर्क कार्डात डेटाच्या दोन रांगा केल्या. ऑपरेशनची रांग मोकळी ठेवली आणि एक्स-रेच्या रांगेला वेगमर्यादा घातली.

आज ऐन टाके घालताना चित्र गोठलं आणि विद्यार्थ्यांना टाके दिसलेच नाहीत. ऑपरेशन संपताच सर्जन फोनवर म्हणाले, "पाटीलजी, अब क्या पेट दोबारा खोलूँ?"

मी तडक एक्स-रे विभागात गेलो आणि तिथल्या हरप्रीतजींवर चारचौघांत खेकसलो, की मर्यादा कोणी काढली? त्या म्हणाल्या, "मैंने तो कुछ छुआ ही नहीं जी."

परत येऊन पाहतो तर सकाळी वीज गेल्यावर सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झालेला. हाताने घातलेली मर्यादा अशा वेळी पुसली जाते. ती टिकायला, सर्व्हर सुरू होताना जी फाइल वाचतो तिच्यात एक ओळ लिहावी लागते. ती ओळ मी महिनाभर उद्यावर ढकलत होतो.

ओळ लिहिली. दुपारी हरप्रीतजी एकट्या असताना जाऊन माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "डाँट सबके सामने, सॉरी अकेले में?"

मी म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर मागतो. घरी आल्यावर लक्षात आलं, मी परत 'उद्या' म्हणालो होतो. तुम्ही तिथेच सगळ्यांना बोलावलं असतं ना?