दिवा हिरवाच होता

ऑफिसात त्याला सगळे कोठावळा म्हणत. दवाखान्यांच्या भेटी ठरवून देणारं एक अ‍ॅप त्याच्या ताब्यात होतं आणि त्यातलं एकेक काम त्याने एकेका कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र डब्यात, बंद करून ठेवलं होतं. पेशंटची वेळ नोंदवणारा कंटेनर वेगळा, डॉक्टरांचं वेळापत्रक सांभाळणारा वेगळा, आदल्या दिवशी मेसेज पाठवून आठवण करणारा वेगळा. एकाने अंथरूण धरलं तरी बाकीच्यांचं काम अडायचं नाही, ही त्यातली खुबी. प्रत्येकाला सारखं विचारलं जाई, 'जिवंत आहेस ना?' 'हो' आलं की भिंतीवरच्या पडद्यावर हिरवा दिवा. त्या दिव्यांचा त्याला कोण तोरा! घरी जेवताना बाबांना ऐकवायचा, "माणूस विसरेल, माझे कंटेनर विसरायचे नाहीत."

बाबा जन्मभर लेथवर उभे राहिलेले टर्नर. कैक वर्षांपूर्वी कातलेल्या शाफ्टचं माप अजून तोंडपाठ. निवृत्त झाले तरी वर्कशॉपवाल्याचं काही अडलं की स्कूटरला किक मारून हजर. पण मुलाच्या शब्दावर भोळा विश्वास. डोळ्याच्या इंजेक्शनच्या तारखा लक्षात ठेवणं त्यांनी सोडून दिलं. "तुझा मेसेज येतो की," म्हणाले.

मग एके दुपारी कोठावळ्याने मेसेज जिथून सुटतात तिथला पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड सगळ्या कंटेनरना दिला, फक्त आठवण करणाऱ्याला द्यायचा राहिला. तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली आणि हा उठला. बिचारा कंटेनर जुना पासवर्ड घेऊन दारावर जाई आणि हात हलवत परत येई. पण जिवंत होता, म्हणून दिवा हिरवा. जिवंत असणं वेगळं आणि काम करणं वेगळं, हे पडद्याला कुठून कळणार? ते ज्याला कळायला हवं होतं तो पडद्याकडे बघून मिशीत हसत होता.

आठवडाभराने ऑफिसातल्याच टेस्टर बाईंच्या दाढदुखीच्या भेटीचा मेसेज आला नाही, तेव्हा बिंग फुटलं. त्याने गुपचूप पासवर्ड भरला. दवाखान्यांना 'तांत्रिक अडचण' असं मोघम कळवून टाकलं आणि सुटलो बुवा म्हणत घरी आला.

घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली.

"बाबा इंजेक्शन विसरले," ताई म्हणाली. "दवाखान्यातून फोन आला, तेव्हा हे निवांत पेपर वाचत बसलेले. परवा चष्मा फ्रिजवर सापडला. मला तर भीतीच वाटतेय."

"मेसेज आला असणार," बाबा खाली मान घालून म्हणाले. "माझ्याच हातून पुसला गेला असेल. याचे कंटेनर विसरत नाहीत."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते, ते त्याने घासाबरोबर गिळले. आईने स्कूटरची किल्ली कपाटात टाकली, तेही मुकाट पाहिलं. इंजेक्शन पुढच्या आठवड्यात मिळालं, डोळ्याचं काही बिघडलं नाही, अशी मनाची समजूत घालत राहिला. मनाला ती पटेना. बाबा आता एकाच गोळीबद्दल तीनतीनदा विचारत. गॅस बंद केला का, हे उठून पुन्हा बघत.

एका रविवारी वर्कशॉपवाला माप विचारायला घरीच आला. बाबांनी फाडकन सांगितलं, अगदी बरोबर सांगितलं, आणि मग चाचरत म्हणाले, "पण तू मोजून घे हां. माझं आता काही खरं नाही."

कोठावळ्याला लख्ख दिसलं. आपण बापाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाच काढून घेतला, आणि कशासाठी, तर जेवणाच्या टेबलावरची शेखी राखायला! वर्कशॉपवाला गेल्यावर तो बाबांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. पासवर्ड, चहा, गिळलेले शब्द. सांगताना रडला.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"वेड्या, माझ्या समाधानासाठी स्वतःवर घेतोयस होय?"

"नाही हो बाबा, खरंच! मेसेज गेलेच नव्हते."

"तुझा तो दिवा तेव्हा हिरवा होता ना?"

"हिरवाच होता, पण..."

"मग झालं तर."

तो तिरीमिरीत उठला, कपाटातून किल्ली काढली आणि बाबांच्या हातात ठेवली. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"अगं," त्यांनी आईला हाक मारली, "ही आत ठेव बरं. माझ्याकडून हरवेल."