गलबतचं विरजण

माझ्या फ्रिजात नऊ वर्षं एक सवत राहिली. हसू नका, खरं सांगते. दुधाच्या पिशव्यांच्या मागं, सगळ्यात थंड कोपऱ्यात, खोकल्याच्या औषधाची असते तेवढी काचेची बाटली. तोंडाला कापसाचा बोळा. तिला हात लावायचा नाही, हलवायची नाही, तिच्या शेजारी सुकट ठेवायची नाही. आमच्या कल्पिताच्या लग्नाच्या दिवशी दारात मांडव, अंगणात पाहुणे, आणि नवरीचा बाप कुठं? तर स्वयंपाकघरात बाटलीला खाऊ घालतोय! मी म्हटलं, "अहो, पोरीकडं बघा जरा आज तरी." तर म्हणतात कसे, "पोरीला बघायला शंभर माणसं हायत. हिला माझ्याशिवाय कोण हाय?"

आमचे हे म्हणजे चंदर घरत. नागावात लहानथोर सगळे चंदरमामा म्हणतात. चौतीस वर्षं बीअरच्या कारखान्यात काढली आणि बीअरचा एक घोट कधी गिळला नाही. तोंडात घ्यायची, गालात फिरवायची आणि थुंकायची, कामच ते. पण खरं काम नाकाचं. टाकीचं झाकण उघडलं की वासावरनं सांगायचे, हिला अजून दोन दिवस द्या, ही उद्या काढा. घरी त्या नाकानं मला नको नको केलं होतं. वाडीच्या पार टोकाला नारळ सोलत बसलेले असायचे आणि तिथनं ओरडायचे, "गोदू, डाळ लागतेय!" धावत जावं तर खरंच, बुडाला नुकती कुठं लागायला लागलेली.

कारखाना नागोठण्याच्या अलीकडं होता, मुंबईच्या दारबशेठचा. बीअरचं नाव गलबत. लेबलावर शिडं फुगलेलं गलबत काढलेलं. ह्यांना तिथं कामाला लावलं ते चांगदेव मास्तरांनी. मास्तर सावंतवाडीकडचे, बीअर करणाऱ्यांतले मुख्य. त्यांनीच ह्यांना शिकवलं. बीअरला यीस्ट लागतं. म्हणजे आपण दह्याचं विरजण राखतो ना, तसंच. आजच्या घाण्यातलं थोडं काढून ठेवायचं, ते उद्याच्या घाण्याला घालायचं. अशी वर्षानुवर्षं ती एकच साखळी. गलबतची चव पाण्यात नाही, जवात नाही, ती ह्या विरजणात आहे, असं मास्तर म्हणायचे. रिटायर होताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चंदर, शेठ बदलतील, पाट्या बदलतील. हे मात्र मरू देऊ नको." आणि ह्यांनी मान हलवली. बस, तेवढी एक मान हलवली आणि जन्माचं ओझं घेऊन बसले.

मास्तर वारल्याचं आम्हाला दीड महिन्यानं कळलं. हे बसल्या जागेवरनं उठले, विहिरीवर गेले, आणि अंगावरच्या कपड्यांसकट बादली डोक्यावर ओतून घेतली. घरातल्या माणसाचं मयत उशिरा कळलं की आमच्यात करतात तशी आंघोळ. मी म्हटलं, "ते काय आपल्या भावकीतले?" ओले तसेच पायरीवर बसून राहिले.

मग पाट्या बदलायला लागल्याच. दारबशेठ गेले, मुलांना त्या धंद्यात गोडी नव्हती, त्यांनी कारखाना दक्षिणेतल्या एका कंपनीला विकून टाकला. खाकी कपडे जाऊन निळे आले. पुढं त्या कंपनीत एका परदेशी कंपनीनं निम्मा हिस्सा घेतला, मग उरलेलाही घेतला. निळे जाऊन हिरवे आले. आणि मग त्या परदेशी कंपनीलाच तिच्याहून मोठ्या कंपनीनं अख्खी गिळली. तेव्हा टोप्या मिळाल्या. मी ह्यांना चिडवायचे, "माझं नाव लग्नात एकदाच बदललं हो! तुमच्या कारखान्याचं लग्न किती वेळा लावणार?" हे हसायचे. हसता येत होतं, कारण टाकीत विरजण तेच होतं.

ह्या शेवटच्या कंपनीनं कँटीनमध्ये पडदा लावून सगळ्यांना एक फिल्म दाखवली. सोबत सामोसा. युरोपातलं कुठलंसं छोटं गाव, चर्चच्या मागं बीअरची भट्टी, घोडागाडीवर लाकडी पिंपं. त्या भट्टीनं शेजारची भट्टी विकत घेतली. मग शेजारच्या गावातली, मग शेजारच्या देशातली. मग समुद्रापलीकडच्या एका कंपनीशी जोडी जमवली, आणि दोघींनी मिळून आपल्याहून मोठी असलेली तिसरी कर्ज काढून घेतली. पडद्यावर जगाचा नकाशा, आणि दर खरेदीला एकेक दिवा लागतोय. शेवटी सगळा नकाशा झगमगला आणि साहेब म्हणाला, आज आपल्या घरात चारशे बीअर आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे हे उभे राहिले. कधी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस, पण विचारलं, "साहेब, चारशे बीअर, मग त्यांची चारशे विरजणं कुठं ठेवली?" साहेबाला कुणीतरी इंग्रजीत सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, जे खपतं ते आम्ही ठेवतो.

महिन्याभरात परदेशातनं बर्फात ठेवलेले सीलबंद डबे आले, कंपनीचं यीस्ट घेऊन. सगळीकडं एकच चव पाहिजे म्हणे. जुनं असेल ते वाफेनं मारायचा हुकूम निघाला, आणि वाफेचा कॉक फिरवायचं काम आलं ह्यांच्याच वाट्याला. त्यांनी फिरवला. त्या दिवशी जेवणाचा डबा घरी आला तेव्हा खालचा खण रिकामा नव्हता, त्यात जुन्या विरजणाची ती बाटली होती. दोन वर्षांनी कारखानाही बंद झाला. कंपनीचे राज्यात आणखी दोन मोठे कारखाने होते, आमचा सगळ्यांत लहान. गलबतचं नाव तेवढं कंपनीनं कुलपात ठेवलं. आपण बनवायची नाही, दुसऱ्याला बनवू द्यायची नाही.

तर अशी ही सवत माझ्या घरात आली. दर महिन्याला हे जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भरडायचे, उकळून गाळायचे आणि ते पाणी निववून बाटलीत घालायचे. आम्ही वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची पोरं येतात, बीअरचे डबे घेऊन बसतात, आणि कुठली भारी यावर भांडतात. हे दुसऱ्या दिवशी रिकामे डबे गोळा करताना त्यांवरची बारीक अक्षरं वाचत बसायचे. "हीपण त्यांचीच. हीपण. ही बघ गोदू, हीपण त्यांचीच." मी म्हणायचे, "असू दे ना मग! तुमचं काय जातंय?" जात होतं, ते मला दिसत नव्हतं असं नाही. पण रोज उठून त्याच गोष्टीचं रडगाणं कुठवर ऐकायचं?

दोन हजार वीसच्या जूनमध्ये वादळ झालं तेव्हा आमच्याकडं कितीतरी दिवस वीज नव्हती. ह्यांनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली, चार-चार दिवसांनी ताजं जवाचं पाणी घातलं आणि जगवली. मी समोर बसून बघत होते. बघत होते, पण शिकले नाही मेली.

पुढच्या वर्षी एप्रिलअखेर ह्यांना करोना झाला. अलिबागला दवाखान्यात ठेवलं. आत जायला कुणाला परवानगी नाही, कल्पिता पनवेलला अडकलेली, मी घरात एकटी. त्यातच मे महिन्यात दुसरं वादळ आलं आणि वीज गेली. माझं चित्त सगळं फोनकडं, तो वाजावा आणि वाजूही नये. पाचव्या दिवशी घाण सुटली म्हणून फ्रिज उघडला. कापसाचा बोळा उडून पडला होता आणि बाटलीत वर काळी-निळी बुरशी. सडक्या कोळंबीचा वास. मला शिसारी आली. मागचा पुढचा विचार न करता मी ती माडाच्या बुंध्याशी ओतली आणि सोड्याच्या गरम पाण्यानं बाटली घासून लख्ख केली. वाटलं, निदान भांडं तरी स्वच्छ असावं.

त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्यातनं फोन आला. नर्सनं ह्यांच्या कानाला धरला होता. श्वास लागलेला, शब्द तुटक. "गोदू... बाटली?"

मी म्हटलं, "मस्त हाय. तुम्ही बरे होऊन या."

दुसरं काय बोलणार होते मी? तुम्हीच सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या बेकरीत गेले, पावाचं खमीर मागून आणलं, गुळाच्या पाण्यात कालवलं, बाटलीत भरलं, वर नवा बोळा लावला.

हे जूनमध्ये घरी आले, नुसता सांगाडा. बसलेसुद्धा नाहीत, आधी फ्रिजकडं गेले. बोळा काढला, बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले. वासावर टाकी ओळखणारा माणूस तो! आता सुटते ह्यांची सगळी उमेद, असं वाटलं. तर डोळे उघडून म्हणाले, "तेच हाय." माझा जीव भांड्यात पडला. चार दिवसांनी मी मागं कपडे धूत होते आणि चुलीवरचं दूध जळून पातेलं काळं ठिक्कर पडलं. हे हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते. तेव्हा मला कळलं. आजारानं ह्यांचं नाक नेलं होतं. हे बोलले नाहीत, मीही नाही. तीन वर्षं हा माणूस दर महिन्याला जवाला मोड आणून पावाच्या खमिराला खाऊ घालत होता, आणि मी शेजारी बसून भाजी निवडत होते.

आणि मागच्या हिवाळ्यात पूर्वी आली. पंचविशीची पोर, त्याच मोठ्या कंपनीत बीअर करायचं काम करते. म्हणाली, कंपनीला आता जुन्या गावठी बीअर पुन्हा काढायच्यात, लोकांना तसलं आवडतं हल्ली. गलबतचं लेबल सापडलं, कागद सापडले, यीस्ट कुठंच नाही. कारखान्यातल्या जुन्या कुणीतरी चंदरमामांचं नाव सांगितलं. अगं बाई! ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. दोन तास तिच्याशी बोलत होते. मास्तरांचं सांगितलं, वाफेचं सांगितलं. चौतीस वर्षांत कंपनीतलं कुणी ह्यांच्या समोर वही उघडून बसलं नव्हतं. मग म्हणाले, "गोदू, आण." मी आणली. ह्यांनी निम्मं तिनं आणलेल्या काचेच्या नळीत ओतलं. पोरीनं वाकून नमस्कार केला, आणि ह्यांच्या डोळ्यांना धार लागली.

ती गाडीपाशी पोचली तशी मी मागनं धावत गेले आणि सगळं ओकले. ती हळूच म्हणाली, "काकू, बुरशी बहुतेक वरच धरते. तळातलं चमचाभर राखलं असतंत, तर लॅबमध्ये आम्ही जिवंत काढलं असतं." तिनं टोचायला म्हटलं नाही. पण टोचायचं ते टोचलंच. मी तिला हात जोडले, ह्यांना सांगू नकोस. ती म्हणाली, "नळी वाटेत फुटली म्हणून सांगेन. चूक आमची." आणि गाडीत बसताना म्हणाली, गलबत तरीही निघेलच काकू, कंपनीचं यीस्ट घालून.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि चक्क हसले. "एवढंच व्हय? अर्धी बाटली हाय की घरात! रडू नको, पोरी. उद्याच्या पहिल्या एसटीनं मी स्वतः घेऊन येतो." फोन ठेवला आणि माळ्यावरचा थर्मास शोधायला स्टूल लावलं. चौसष्ट वर्षांचा माणूस स्टुलावर चढून गुणगुणत होता.

मला ते बघवेना. म्हटलं, "अहो, उतरा खाली. बसा."

सगळं सांगितलं. वादळ, बुरशी, माड, सोडा, बेकरी. ते ओरडले असते, हात उगारला असता, तरी चाललं असतं मला. थर्मास मांडीवर घेऊन नुसते ऐकत राहिले.

थर्मासचं झाकण घट्ट बसवून म्हणाले, "मला वास येत न्हवता गं. अजून न्हाय येत."

"ठाव हाय मला. दूध जळलं तवापासनं."

"मग तू तरी बोलायचंस."

"तुम्ही तरी."

मग ह्यांनी विचारलं, "कधी गेलं?"

"एकवीस मे. शुक्रवारी."

"तळ बघितलास? तळाला पांढरं काय होतं का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. तळाशी पांढरा थर होता. तांदळाच्या धुवणासारखा, बोटभर. ओतताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता.

"न्हाय," मी म्हटलं. "तळापर्यंत काळंच होतं."

त्यांनी मान हलवली. थर्मास खाली ठेवला, उठले, मागच्या दारानं विहिरीवर गेले. भर दुपारी, अंगावरच्या कपड्यांसकट, बादली वर ओढली आणि डोक्यावर ओतून घेतली. मी टॉवेल घेऊन उभी होते. ते बाजूला झाले, तशी टॉवेल काठावर टाकला, दुसरी बादली मी काढली आणि माझ्या डोक्यावर ओतली.